विशीतल्या रुग्णाला मरणाबद्दल प्रश्न विचारायचा कसा? दोन पेपर एकत्र वाचूया

'संवेदनशील विषयावर काम करायचंय, पण प्रश्नावली कुठून आणू?' हा प्रश्न पेट परीक्षेच्या तयारीतल्या मुलांकडून वारंवार येतो. म्हणून आज असे दोन पेपर घेतलेत ज्यांत प्रश्नावली कशी घडली तेच संशोधन आहे. विषय जड आहे. गंभीर आजार असलेल्या तरुणांनी उपचारांबद्दल आणि आपल्या मागे राहणाऱ्या आठवणींबद्दल आधीच सांगून ठेवणं. याला 'ॲडव्हान्स केअर प्लॅनिंग' म्हणतात.

आधी पार्श्वभूमी, कारण रिसर्च गॅप तिथेच दडलीय. या क्षेत्रातला कायदा ज्या खटल्यांतून घडला ते आठवा. अमेरिकेत कॅरेन क्विनलन 1975 मध्ये बेशुद्ध झाली तेव्हा 21 वर्षांची होती. नॅन्सी क्रूझनचा अपघात 1983 चा, वय 25. टेरी शायव्हो 1990 मध्ये कोसळली, वय 26. आणि आपल्याकडे केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला, तेव्हा त्याही 25 च्याच. त्यानंतर 2015 पर्यंत त्या तिथेच होत्या. चौघीही तरुण, आणि चौघींपैकी एकीनेही काही लिहून ठेवलेलं नव्हतं. क्रूझन खटल्यात तर तिने मैत्रिणीजवळ सहज बोलता बोलता काढलेले उद्गार हा पुरावा धरायचा की नाही, यावर कोर्टाचा बराच वेळ गेला. म्हणजे कायदा तरुणांच्या प्रकरणांवरून बनला, पण त्यातून निघालेले फॉर्म मात्र म्हाताऱ्या माणसांना समोर ठेवून लिहिले गेले. घर, मुलंबाळं, जोडीदार असलेलं आयुष्य त्यांत गृहीत धरलेलं असतं.

लोरी वीनर आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करत होते. त्यांनी नवा फॉर्म लिहायला घेतला नाही. आधीपासून प्रौढांमध्ये चालणारा 'फाइव्ह विशेस' नावाचा दस्तऐवज घेतला आणि 16 ते 28 वयाच्या 20 जणांसमोर ठेवला. कोणाला कर्करोग, कोणाला एचआयव्ही. त्यांना एकेका मुद्द्याबद्दल विचारलं: हा असावा का, उपयोगी वाटतो का, वाचताना त्रास होतो का? हा 2008 चा पेपर. असा दस्तऐवज आपल्याला उपयोगी पडेल, असं 95 टक्के जणांनी सांगितलं. पण माझ्या मते खरा निष्कर्ष पुढे आहे. व्हेंटिलेटर हवा की नको, निर्णय कोण घेणार, या वैद्यकीय मुद्द्यांपेक्षा 'मला कसं वागवावं' आणि 'माझी आठवण कशी ठेवावी' हे मुद्दे त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले.

इथे जरा थांबा. 20 पैकी 95 टक्के म्हणजे 19 माणसं. याचा 95 टक्क्यांचा विश्वासांतर काढून बघा, साधारण 75 ते जवळजवळ 100 टक्के येतो. म्हणून लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नुसतं '95 टक्के तरुणांना हे हवं असतं' असं लिहू नका. गाईड तिथेच लाल पेन मारतील, आणि बरोबरच करतील. मग एवढ्या छोट्या अभ्यासाला किंमत का? कारण तो प्रमाण मोजायला केलेला नव्हताच. कोणते प्रश्न राहून गेलेत हे शोधायला केला होता, आणि त्या कामाला 20 माणसं पुरतात.

पुढचा पेपर 2012 चा, 'पेडियाट्रिक्स' या जर्नलमधला. आता 52 जण, वय तेच. जुना फॉर्म आणि पहिल्या अभ्यासावरून बनवलेला नवा फॉर्म, दोन्ही समोर ठेवून एकेक ओळ तपासून घेतली. त्यातून 'व्हॉइसिंग माय चॉइसेस' ही पुस्तिका तयार झाली. तिच्यात उपचारांचा भाग आहेच. त्याशिवाय मला बरं कशाने वाटतं, माझ्या वस्तू कोणाला द्याव्यात, निरोपाच्या वेळी कोणतं गाणं असावं, मित्रमैत्रिणींना काय कळावं, असेही प्रश्न आहेत आणि पत्र लिहायला रिकामी पानंही.

मर्यादा काय? हे सगळे एका मोठ्या संशोधन संस्थेत उपचार घेणारे, म्हणजे आजाराबद्दल मोकळेपणाने ऐकलेले लोक. ज्यांनी भाग घ्यायला नकार दिला ते सॅम्पलमध्ये नाहीत, आणि कदाचित प्रश्नाचा त्रास त्यांनाच सर्वात जास्त होणार होता. शिवाय हे दोन्ही अभ्यास मत विचारतात. लिहिलेलं पुढे पाळलं गेलं का, हे ते सांगत नाहीत. मॉरीन लायन यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं. 14 ते 20 वयाचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे पालक अशा 30 जोड्या घेऊन रँडमाइज्ड चाचणी केली, आणि ठरवून संभाषण घडवल्यावर दोघांची उत्तरं किती जुळतात ते मोजलं. संभाषण झालेल्या गटात ती जास्त जुळली. अभ्यास छोटाच, पण 'उपयोगी वाटतं का?' इथून 'घरच्यांना कळलं का?' इथवर प्रश्न सरकला, तो कसा ते बघून ठेवा.

आता आपल्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. पण करणारी व्यक्ती सज्ञान हवी, आणि विषय फक्त उपचारांचा. म्हणजे वीनर यांच्या अभ्यासातला 16 वर्षांचा मुलगा इथे बाहेरच राहतो, आणि त्याला ज्याबद्दल सर्वात जास्त बोलायचं होतं तो भागही.

मग पुस्तिकेचं मराठी भाषांतर करून टाकायचं का? करून बघा, पहिल्याच शब्दाला अडाल. 'शेवटची इच्छा' म्हटलं की फाशीची कोठडी डोळ्यासमोर येते. 'स्मारक' म्हटलं की चौकातला पुतळा. 'मृत्युपत्र' म्हटलं की जमीन आणि सातबारा. प्रश्नावलीचं भाषांतर आणि उलट भाषांतर व्यवस्थित केलं तरी ही अडचण सुटत नाही, कारण शब्द बरोबर असतो, त्याच्याभोवतीचं जग वेगळं असतं.

पण एक जागा आपल्याकडे तयार आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय होतं? जमलेले लोक अंदाज बांधू लागतात, 'त्याचा जीव कशात अडकला असेल?' मग कोणीतरी मोठ्याने सांगतं, 'धाकटीचं शिक्षण आम्ही पूर्ण करू.' श्रद्धा असो नसो, मृत माणसाची न सांगितलेली इच्छा ओळखायची ही रीत अनेक घरांत माहीत आहे. मुलाखतीत 'तुमच्या घरात असं कधी झालंय का?' इथून सुरुवात केली तर बोलणं आधी दुसऱ्याच्या मृत्यूवर राहतं, आणि स्वतःकडे वळायचं की नाही हे समोरचा ठरवतो. ज्या घरांत ही रीत नाही तिथे दुसरी सुरुवात शोधावी लागेल. पायलट मुलाखती त्यासाठीच असतात.

शेवटी एथिक्स कमिटी. 'रुग्णाला धक्का बसला तर?' हे विचारलं जाणारच. 2008 च्या अभ्यासात प्रश्नांचा फारसा ताण जाणवला नव्हता, पण तेवढ्यावर परवानगी मागू नका, कारण ती 20 माणसं तिकडची होती. प्रस्तावात स्पष्ट लिहा: मुलाखत कोणत्या क्षणी थांबवणार, समुपदेशक त्या दिवशी हजर असणार का, दुसऱ्या दिवशी फोन कोण करणार. आणि एक प्रश्न हमखास राहून जातो, तोही लिहा. आजार किती पुढे गेलाय हे घरच्यांनी रुग्णाला सांगितलंच नसेल, तर तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत काय असेल?