जत्रेत पोट बिघडते ते पाण्यामुळे

होळी झाली की नाशिक जिल्ह्यातील हरसूल, पेठ आणि पलीकडे पालघरमधील जव्हार, मोखाड्याच्या पट्ट्यात बोहाड्याचे दिवस सुरू होतात. संबळाच्या तालावर मुखवट्यांची सोंगे रात्रभर नाचतात आणि पाड्यापाड्यांवरून लहानथोरांसह सारे कुटुंब जत्रेला येते. भजी, जिलेबी, उसाचा रस, बर्फाचा गोळा हा त्या आनंदाचाच भाग. पण परतल्यावर दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाला जुलाब सुरू होतात आणि दोष दिला जातो तेलकट भज्यांना.

खरे तर उकळत्या तेलातून नुकतीच काढलेली भजी त्या मानाने सुरक्षित असतात, कारण एवढ्या उष्णतेत जंतू टिकत नाहीत. धोका असतो तो सोबतच्या कच्च्या पाण्यातील चटणीत, एकाच बादलीत विसळलेल्या पेल्यांत आणि कापून उघड्या ठेवलेल्या फळांत. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. संध्याकाळी केलेला पदार्थ मध्यरात्रीपर्यंत कोमट राहिला, तर त्यांचे फावते. बर्फाबद्दलही गैरसमज आहे. गोठल्याने जंतू मरतातच असे नाही. बर्फ ज्या पाण्याचा, तेवढाच तो शुद्ध.

हरसूल भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. उरलेल्या थोड्या पाण्यावर जत्रेची गर्दी भागवायची म्हटले की ते दूषित होण्याची शक्यता वाढते. म्हणून घरूनच उकळून गार केलेले पाणी न्यावे, पदार्थ डोळ्यांसमोर तळलेला व गरम असेल तोच घ्यावा आणि खाण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

तरीही जुलाब लागलेच, तर पहिले औषध ओआरएस. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखर शोषली जाताना मिठालाही सोबत ओढून नेते आणि त्यांच्यामागे पाणी शरीरात जाते, एवढे साधे हे शास्त्र आहे.

पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे आणि ते पाणी २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा असावा. मीठ जास्त पडू देऊ नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने १४ दिवस द्याव्यात.

डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पाणीही पिईना, लघवी सहा तासांत झाली नाही किंवा शौचातून रक्त पडले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. दूरच्या पाड्यावरून रात्री वाहन मिळणे सोपे नसते. म्हणूनच जत्रेला निघण्यापूर्वी ओआरएसची दोन पाकिटे घरात आहेत ना, हे पाहून ठेवावे.