महासाथीच्या वर्षी फुटबॉलचा संघ

फुटबॉलचा सामना पाहावयास जाणारा मनुष्य नव्वद मिनिटांचा खेळ पाहतो. त्याच्या पाठीमागे किती आठवड्यांची तयारी उभी असते, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. सन २०२० साली कोरोनाच्या महासाथीने ह्या तयारीचा नेहमीचा क्रम मोडून टाकला, आणि संघ कशाने सिद्ध होतो हे पाहण्याची संधी सर्वांस मिळाली. आपल्याच देशातील उदाहरण घेऊन हा विषय विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इंडियन सुपर लीग ह्या स्पर्धेचा त्या वर्षीचा अंतिम सामना १४ मार्च २०२० रोजी गोव्यात मडगावनजीक फातोर्डा येथे झाला, तो प्रेक्षकांवाचून. पुढे अकरा दिवसांनी सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाली. मैदाने ओस पडली, खेळाडू आपापल्या घरी अडकले, व पुढील हंगाम केव्हा उघडेल हे कोणासच सांगता येईना. ज्या परीक्षेची तारीख ठाऊक नाही, तिचा अभ्यास करावयाचा, असा हा प्रसंग होता.

तयारीचा पहिला भाग शरीराचा. शरीराचा धर्म असा आहे की, त्यास जे काम नित्य सांगावे त्यास ते योग्य होते, व काम बंद पडले की ती योग्यता हळूहळू गमावते. काही आठवड्यांच्या विश्रांतीनेच खेळाडूचा दम उणावतो. घरात राहून दंड-बैठका काढता येतात, जिना चढता-उतरता येतो. परंतु पूर्ण वेगाची धाव खोलीत घेता येत नाही. त्यामुळे मांडीच्या मागील स्नायूंची सवय मोडते, आणि मैदान उघडताच जो एकदम धावत सुटतो त्याचे हे स्नायू दुखावण्याचे भय असते. म्हणून जाणता प्रशिक्षक प्रथम थोडे अंतर व बेताचा वेग ठेवून श्रम पायरीपायरीने वाढवितो. खेळाचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानेही मे २०२० मध्ये सामन्यात तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरविण्याची तात्पुरती मुभा दिली. तिचा हेतू खेळाडूंवरील ताण हलका व्हावा हाच होता.

परंतु शरीर ही अर्धीच तयारी होय. दुसरा भाग परस्परपरिचयाचा, आणि तो घरी बसून होत नाही. एक उदाहरण देतो. बचाव करणारे चौघे गडी एका रेषेत राहून एकाच क्षणी पुढे सरकले, तर त्यांच्या पाठीमागे राहिलेला प्रतिपक्षाचा गडी, त्याच्या सोबत्याने चेंडू मारण्याच्या क्षणी तेथे असल्यामुळे, ऑफसाइड ठरतो. परंतु चौघांपैकी एकजण क्षणभर मागे राहिला, तर तिघांचे श्रम फुकट जाऊन गोलाची वाट मोकळी होते. हा मेळ एकट्याने चेंडू कितीही खेळविला तरी साधत नाही. त्यास सहवासच पाहिजे. रोगाच्या भयाने जी गोष्ट प्रथम थांबवावी लागली, ती नेमकी हीच.

पुढे नवा हंगाम २० नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाला. प्रवास टाळावा म्हणून अकराही संघ गोव्यात आणले गेले, व फातोर्डा, वास्को आणि बांबोळी येथील तीन मैदानांवर सर्व ११५ सामने प्रेक्षकांवाचून झाले. संघांस बाहेरच्या लोकांपासून अलग ठेवले होते, आणि वरचेवर रोगाची तपासणी होई. घरापासून दूर असे चार महिने काढणे हीही एक कसोटीच होती.

आता दोन संघांची तुलना पाहा. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाचा ह्या स्पर्धेतील प्रवेश सप्टेंबरच्या अखेरीस निश्चित झाला, व प्रशिक्षक ऑक्टोबरमध्ये नेमला गेला. त्यास पहिला विजय ३ जानेवारी २०२१ रोजी मिळाला, व अकरा संघांत तो नववा राहिला. मुंबई सिटी संघाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हेही ऑक्टोबरमध्येच आले. परंतु अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई आदी खेळाडू पूर्वी गोव्याच्या संघात त्यांच्याच हाताखाली खेळलेले होते. हा संघ पहिला सामना हरला. पण त्यानंतर जानेवारीच्या अखेरीपर्यंत त्यास कोणी हरवू शकले नाही. साखळीत तो पहिला आला, आणि १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात बिपिन सिंग ह्याने नव्वदाव्या मिनिटास केलेल्या गोलाने त्याने मोहन बागानवर २-१ असा जय मिळविला. एवढ्या एकाच कारणाने जय मिळाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु चांगल्या काळात जोडलेला परिचय वाईट काळात ठेवीप्रमाणे उपयोगी पडला, हे उघड आहे.

आमच्या मुलांसही त्या काळात घरी बसावे लागले. पुस्तके घरी होती, धडेही कसेबसे चालू राहिले. परंतु एका बाकावर बसणे, खेळातील हार एकत्र सोसणे, दुसऱ्याचा इशारा न बोलता ओळखणे, हे शिक्षण थांबले. संध्याकाळचा खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, असे मानणाऱ्या पालकांनी ह्याचा विचार करावा. आणि विद्यार्थ्यांस आमचे सांगणे इतकेच की, सामन्याची तारीख लागेपर्यंत थांबू नका. आज मैदान उघडे आहे व सोबती जवळ आहेत, तोवर खेळून घ्या.