वेल्सच्या खेड्यात घर घेताय? पुण्यातला फ्लॅट विसरू नका

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं', 'हां' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वॉन्झी इथून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. "शहरात भाडं भरून कंटाळा आलाय. ट्रेनने वीस मिनिटांवर मस्त हिरवं खेडं दिसतंय, घर घ्यावं का?" मी काही इस्टेट एजंट नाही, वकील नाही. आपल्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. पण कागद वाचायची सवय आहे. म्हणून आज वेल्समध्ये घर घेताना काय काय वेगळं असतं ते नीट उलगडून सांगतो. मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो: वेल्स म्हणजे इंग्लंड नाही. लंडनच्या मित्राने दिलेला सल्ला इथे हजारो पौंडांनी चुकू शकतो.

खेडं म्हणजे नक्की काय?

उदाहरणासाठी एकच गाव घेऊ. टॅफ्स वेल. वेल्श नाव फनन टाव. कार्डिफच्या उत्तरेला, टॅफ नदीच्या काठावर. ट्रेहर्बर्ट, ॲबरडेअर आणि मर्थर या तिन्ही बाजूंच्या गाड्या पाँटिप्रिदला एकत्र येतात आणि इथून कार्डिफला जातात. त्यामुळे गाड्या भरपूर, आणि कार्डिफ सेंट्रल साधारण वीस मिनिटांवर. सायकलवाल्यांसाठी टॅफ ट्रेल आहे, कार्डिफ बे ते ब्रेकन, ५५ मैलांचा.

नदीपलीकडे डोंगराच्या कुशीत दुसरं गाव, ग्वाइलोड-अ-गार्थ. नावाचा अर्थच 'गार्थच्या पायथ्याशी'. हा गार्थ डोंगर ३०७ मीटरचा. ह्यू ग्रँटचा १९९५ चा सिनेमा आठवतोय? टेकडी 'डोंगर' ठरावी म्हणून गावकरी वर माती वाहून नेतात, तो. ती गोष्ट याच डोंगरावरून सुचलेली.

आता गंमत बघा. ही दोन गावं समोरासमोर, पण ग्वाइलोड-अ-गार्थ कार्डिफ कौन्सिलमध्ये आणि टॅफ्स वेल रॉन्डा कनॉन टाव कौन्सिलमध्ये. म्हणजे कौन्सिल टॅक्स वेगळा, शाळांचे प्रवेश वेगळे, कचऱ्याचे नियम वेगळे. 'कार्डिफजवळ' हा शब्द जाहिरातीत एकच असतो, पण घर कुठल्या कौन्सिलमध्ये आहे हे पिनकोडवरून कळतंच असं नाही. पत्ता टाकून तपासा. आणि हो, वेल्समध्ये कौन्सिल टॅक्सचे बँड एप्रिल २००३ च्या किमतींवर ठरलेत, इंग्लंडमध्ये १९९१ च्या. त्यामुळे 'बँड डी' ऐकून इंग्लंडमधल्या मित्राशी तुलना करू नका.

टॅक्स: इथे खरा खड्डा आहे

इंग्लंडमध्ये घर घेतलं की स्टॅम्प ड्युटी. वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून ती नाही. त्याऐवजी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स, आणि तो जमा होतो वेल्श रेव्हेन्यू ऑथॉरिटीकडे. राहत्या घरासाठी पहिल्या २,२५,००० पौंडांवर शून्य. त्यापुढे ४,००,००० पर्यंत ६ टक्के. मग ७,५०,००० पर्यंत साडेसात टक्के.

समजा घर ३ लाख पौंडांचं. सव्वादोन लाख वजा केले, उरले ७५,०००. त्याचे ६ टक्के म्हणजे ४,५०० पौंड.

"पण माझं पहिलंच घर आहे ना, सूट मिळेल!" इंग्लंडमध्ये मिळते. तिथे पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत काहीच लागत नाही. वेल्समध्ये पहिल्या घराची वेगळी सूट नाहीच. सगळ्यांना एकच पायरी. म्हणजे हे ४,५०० बजेटमध्ये धरायचेच.

आता आपल्या लोकांचा खास मुद्दा. लक्ष देऊन ऐका.

वेल्समध्ये दुसरं घर घेणाऱ्याला जास्त दर लागतात. आणि 'दुसरं' मोजताना फक्त ब्रिटनमधलं घर बघत नाहीत. जगात कुठेही तुमच्या नावावर ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल तर ते मोजतात. आजच्या दराने हे पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख रुपयांच्या आसपास. वाकड, हिंजवडी, ठाणे, कुठलाही बरा टू बीएचके याच्या वर जातो.

आपल्याकडे काय होतं? नोकरी लागली की बाबा म्हणतात, लोन तुझ्या नावावर काढू, टॅक्समध्ये फायदा होईल. फ्लॅटवर नाव मुलाचं, राहतात आई-बाबा. मुलाच्या डोक्यात ते 'आई-बाबांचं घर'. पण कागद नाव बघतो. पूर्ण नसून हिस्सा असला तरी तो मोजला जाऊ शकतो. आणि लग्न झालं असेल तर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावरचं घरही धरतात, भले इथलं घर एकाच्याच नावावर घेत असाल.

मग त्याच ३ लाखांच्या घरावर हिशोब असा होतो. हे दर ११ डिसेंबर २०२४ पासूनचे:

पहिल्या १,८०,००० वर ५ टक्के: ९,०००.
पुढच्या ७०,००० वर साडेआठ टक्के: ५,९५०.
शेवटच्या ५०,००० वर १० टक्के: ५,०००.
एकूण १९,९५० पौंड.

म्हणजे ४,५०० ऐवजी १९,९५०. फरक १५,४५० पौंडांचा. रुपयांत सतरा-अठरा लाखांच्या घरात. आणि हा टॅक्स कर्जात मिळत नाही, खिशातून रोख द्यायचा असतो, घर ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत.

"सांगितलंच नाही तर?" नको. हा टॅक्स तुम्ही स्वतः जाहीर करायचा असतो, फॉर्म सॉलिसिटर भरतो पण जबाबदारी तुमची. भारतातला फ्लॅट पहिल्याच ईमेलमध्ये सांगून टाका. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ आधीचं राहतं घर विकून नवीन राहतं घर घेणाऱ्यांसाठी. ते तुम्हाला लागू होतात का, हे सॉलिसिटरलाच विचारा. बघितलं जातं ते ताबा मिळाला त्या दिवसाच्या शेवटी तुमच्या नावावर काय आहे ते. त्यामुळे तिकडचा फ्लॅट विकायचा किंवा आईच्या नावावर करायचा विचार असेल, तर तो व्यवहार आधी पूर्ण झालेला हवा, 'चालू आहे' म्हणून भागत नाही. पण फक्त हा टॅक्स वाचवायला आई-बाबांच्या डोक्यावरचं छप्पर हलवू नका. भारतातलाही टॅक्स आणि स्टॅम्प ड्युटी मोजा, घरच्यांशी बोला, मग ठरवा.

हाच नियम लाइफटाइम आयसात पण चावतो. वर्षाला ४,००० पौंड टाकले की सरकार १,००० देतं, घर ४,५०,००० पर्यंतचं हवं. मस्त. पण अट अशी की तुम्ही आजवर जगात कुठेही घराचे मालक नसावेत. पुण्यातला फ्लॅट नावावर आहे? मग घरासाठी पैसे काढताना २५ टक्के कापतात. ४,००० टाकलेले, ५,००० झालेले, हातात ३,७५०. म्हणजे टाकले त्यापेक्षा कमी! खातं उघडण्याआधीच हे बघा.

ऑफर मान्य झाली म्हणजे घर झालं का?

नाही. आपल्याकडे टोकन दिलं की निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. इथे ऑफर मान्य होणं म्हणजे पुल रिक्वेस्टला अप्रूव्हल. मर्ज अजून बाकी आहे. दोन्हीकडचे सॉलिसिटर कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल करतात, तेव्हाच ते बंधनकारक होतं, आणि साधारण १० टक्के रक्कम तेव्हा भरावी लागते. त्याआधी मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, तुम्हीही मागे फिरू शकता. मधल्या काळात सॉलिसिटरची फी, सर्व्हे यांवर झालेला खर्च मात्र परत येत नाही. म्हणून भाड्याच्या घराची नोटीस अदलाबदल झाल्यावरच द्या.

व्हिसाचं काय? वर्क व्हिसावर घर घ्यायला कायद्याने मनाई नाही. पण कर्ज देणारे डिपॉझिट जास्त मागू शकतात, प्रत्येकाचे नियम वेगळे. आणि घर असलं म्हणून राहायचा हक्क मिळत नाही. नोकरी गेली तर व्हिसाचं घड्याळ चालूच राहतं, हप्तेही चालू राहतात. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय उडी मारू नका, हे माझं मत.

घराखाली काय आहे?

दक्षिण वेल्स म्हणजे कोळशाचा प्रदेश. टॅफ्स वेल त्या पट्ट्याच्या दक्षिण काठावर. खाणी बंद झाल्या, पण जुने बोगदे आणि डोंगरउतारावरचे मातीचे ढीग अजून आहेत. २१ ऑक्टोबर १९६६ ला याच खोऱ्यात वर ॲबरव्हॅन गावी असाच ढीग घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. म्हणून इथे सॉलिसिटर कोळसा खाणींचा वेगळा सर्च करतो. आपल्याकडे वकील सर्च रिपोर्ट काढतो ना, तसाच, फक्त जमिनीखालचा. थोडे पैसे वाचवायला हा टाळू नका.

दुसरं पाणी. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळात टॅफ नदी पाँटिप्रिदच्या रस्त्यांवर आली होती. नॅचरल रिसोर्सेस वेल्सच्या साइटवर पत्ता टाकला की पुराचा धोका फुकट दिसतो. नदीचे आणि पावसाच्या साचलेल्या पाण्याचे धोके वेगवेगळे असतात, दोन्ही बघा. आणि एक बारीक गोष्ट: पूरग्रस्त भागातल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून फ्लड री नावाची योजना आहे, पण १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर बांधलेली घरं त्यात येत नाहीत. म्हणजे नदीकाठच्या चकचकीत नव्या घराला जुन्या घरापेक्षा विमा महाग पडू शकतो. ऑफर देण्याआधी विम्याचा कोट घ्या.

तिसरं, सर्व्हे. बँक जे व्हॅल्युएशन करते ते बँकेसाठी, तुमच्यासाठी नाही. जुनं दगडी घर असेल तर लेव्हल थ्री सर्व्हे करा. भिंतीतली ओल, छप्पर, जुनी वायरिंग त्यात कळतं. नवीन वसाहत असेल तर विचारा, रस्ते आणि बागा कौन्सिल सांभाळणार की दरवर्षी वेगळं शुल्क आहे? घर तुमचं, जागा तुमची, तरी सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं बिल येऊ शकतं.

आणि राहायला कसं?

रस्त्यावर पांढऱ्या अक्षरात 'अरव' लिहिलेलं दिसेल. म्हणजे 'हळू'. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. पाट्या दोन भाषांत. २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं, आणि २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे व्हावेत हे सरकारचं ध्येय आहे. शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श शिकवतातच, आणि पूर्ण वेल्श माध्यमाच्या शाळाही आहेत. मराठी पाट्यांसाठी भांडणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. दुकानात 'बोरे दा' म्हणजे सुप्रभात म्हणून बघा, चेहरा खुलतो. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं वेल्समध्ये २००७ पासून मोफत आहेत, तेही हिशोबात धरा.

पण खेडं म्हणजे खेडं. शेवटची गाडी किती वाजता, रविवारी किती गाड्या, दवाखान्यात नवीन पेशंट घेतात का, हे घर बघायला जाल त्याच दिवशी विचारा. टॅफ्स वेलसारख्या गावात ए४७० हा मोठा रस्ता जवळून जातो. फोटोत आवाज येत नाही. एकदा सकाळी आठला, एकदा रात्री आणि एकदा धो-धो पावसात जाऊन उभे राहा.

तर मंडळी, क्रम असा लक्षात ठेवा. आधी भारतातली कागदपत्रं काढून बघा, कुणाच्या नावावर काय आहे. मग टॅक्सचा आकडा वेल्श रेव्हेन्यू ऑथॉरिटीच्या कॅल्क्युलेटरवर टाका, दर बदलू शकतात. मग पूर, विमा, कौन्सिल. आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराचा रंग. आपण बहुतेक जण हे नेमकं उलटं करतो.

हा भाग घर शोधणाऱ्या मित्राला नक्की पाठवा, विशेषतः ज्याच्या नावावर तिकडे फ्लॅट आहे त्याला. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागात घेऊ. भेटू लवकरच!