भिलाईचे पाणी : नळाचे आणि बोअरचे

भिलाईच्या पाण्याचा विचार करताना आधी हे ध्यानात घ्यावे लागते की या शहरात सर्व घरांना एकच पाणी मिळत नाही. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टरांना तांदुळा, गंगरेल अशा जलाशयांतून कालव्याने आलेले आणि मरोद्याच्या तलावांत साठवलेले पाणी शुद्ध करून पुरवले जाते. महानगरपालिकेच्या नळाला प्रामुख्याने शिवनाथ नदीचे पाणी येते. आणि जिथे नळ पोचलेला नाही किंवा पोचूनही पुरत नाही, तिथे घराच्या आवारातील बोअरवर भागवावे लागते. पहिली दोन पाणी भूपृष्ठावरची असून तिसरे खडकाच्या पोटातून वर येते, आणि बादलीत साबणाला फेस न येण्यापासून गीझरची कॉइल जळण्यापर्यंतच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या भेदात आहे.

दुर्ग-भिलाईचा परिसर ज्या खडकांवर वसला आहे, ते प्राचीन काळी, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीचे आणि शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्री खडकाचे थर आहेत. भिलाईच्या उत्तरेकडील नंदिनीच्या खाणींतून निघालेली चुनखडी कारखान्याच्या झोतभट्टीत लोहखनिजातील वाळूसारखी अशुद्धी मळीच्या रूपाने वेगळी काढण्यासाठी वापरली गेली, आणि याच परिसरातील चुनखडीच्या आधारावर जामुलचा सिमेंट कारखाना उभा राहिला. ज्या दगडाने या भागाला उद्योग दिला, तोच दगड येथील भूजलात विरघळून घराघरांतील भांड्यांवर पांढरा थर होऊन बसतो.

हे विरघळणे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. शुद्ध पाण्यात चुनखडी जवळजवळ विरघळत नाही. परंतु पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी बनते आणि खडकाच्या भेगांतून वाहताना त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपाने आपल्यात सामावून घेते. या दोन धातूंच्या क्षारांचे पाण्यातील प्रमाण म्हणजे पाण्याचे काठिण्य होय, आणि असे पाणी बोलीत जड पाणी म्हणून ओळखले जाते. बायकार्बोनेटमुळे आलेले काठिण्य तात्पुरते असते, कारण पाणी उकळले की वायू निघून जातो आणि कॅल्शियमचा क्षार पुन्हा चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो. सल्फेट आणि क्लोराइड यांमुळे आलेले काठिण्य मात्र उकळून जात नाही, म्हणून त्यास कायमचे काठिण्य म्हणतात.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२ सालच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे एकूण काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले जाते आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, याच प्रकारची मर्यादा अनुक्रमे ५०० आणि २००० मिलिग्रॅम आहे. टीडीएस आणि काठिण्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. टीडीएसचे छोटे मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देते, त्यातला किती भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे हे सांगत नाही, आणि जंतूंविषयी तर त्यातून काहीच कळत नाही.

स्वयंपाकघरात जड पाण्याचा सर्वांत स्पष्ट परिणाम डाळीवर दिसतो. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिन या पदार्थाशी कॅल्शियमचा संयोग होऊन पेशींचे बंध अधिक घट्ट होतात, त्यामुळे कुकरच्या नेहमीपेक्षा अधिक शिट्ट्या होऊनही तुरीची डाळ एकजीव न होता वरणात पाणी वेगळे आणि डाळ वेगळी राहते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ती मऊ होते, परंतु सोड्याने ब जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो. त्यापेक्षा नळाचे पाणी किंवा उकळून, निवळून वरचे घेतलेले पाणी डाळीसाठी वापरणे हिताचे ठरते. न्हाणीघरात साबणाचा संयोग याच धातूंशी होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, जो बादलीच्या कडेला, फरशीवर आणि केसांत राहतो. गीझरमध्ये कॉइलवर चुन्याचे कवच चढते. त्यातून उष्णता नीट बाहेर पडत नसल्याने वीज अधिक लागते, कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि अखेरीस जळते.

भिलाईच्या कडक उन्हाळ्यात अपरिहार्य असलेला कूलर हा या परिणामाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. समजा, पाण्याचे काठिण्य लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे आणि दिवसाकाठी ५० लिटर पाणी उडून जाते, तर रोज सुमारे २० ग्रॅम, म्हणजे महिन्याला सुमारे ६०० ग्रॅम क्षार खसच्या ताट्यांवर, पंपात आणि टाकीत मागे राहतात. ताटी ताठ व पांढरी पडते, तिच्यातून हवा खेळत नाही, आणि गारवा कमी होतो. टाकीत केवळ वरून भर घालत राहिल्यास क्षारांचे प्रमाण वाढतच जाते, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून पुन्हा भरावी. २०१८ साली डेंग्यूची मोठी साथ अनुभवलेल्या या शहरात ही सवय डासांच्या अळ्यांचाही नायनाट करते.

जड पाण्याने मूतखडा होतो, ही समजूत सर्वत्र रूढ असली, तरी त्यास ठोस शास्त्रीय आधार मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्यासाठी आरोग्याच्या दृष्टीने कोणतीही मर्यादा निश्चित केलेली नाही, आणि पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीराला उपयोगीच पडतात. खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचा आहे. नळ ठरावीक वेळीच येत असल्याने मधल्या काळात वाहिन्यांतील दाब उतरतो, आणि नालीतून गेलेल्या फुटक्या जोडणीतून सांडपाणी आत शिरले की स्वच्छ दिसणारे, मऊ पाणीही कावीळ आणि अतिसार घेऊन येते. म्हणूनच नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, अशी अपेक्षा मानकात ठेवलेली आहे.

जडपणा आणि जंतू यांतला हा भेद न पाहता घरोघरी आरओ यंत्रे बसवली जातात. ही यंत्रे एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर पाणी टाकून देतात आणि घातक द्रव्यांबरोबर उपयुक्त क्षारही काढतात. टीडीएस ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्या ठिकाणी त्यांच्या वापराला बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. जलाशयाच्या मऊ पाण्याला साधी गाळणी आणि उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते. बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर उपयोगी पडतो. त्यातील रेझिनचे दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात, आणि ते दाणे मिठाच्या पाण्याने वेळोवेळी धुऊन पुन्हा कामाला येतात. मात्र उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी असे पाणी पिण्यास वापरू नये. ते न्हाणीघर, गीझर आणि धुलाई यंत्रापुरते ठेवावे. भांड्यांवर व नळाच्या जाळीवर बसलेला थर लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या द्रावणाने निघतो. परंतु कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीबरोबर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

प्रत्येक कुटुंबाने यंत्राच्या दुकानात जाण्याआधी आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या स्रोताचे आहे हे जाणून घ्यावे, आणि लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत काठिण्य, नायट्रेट, फ्लोराइड व जंतू यांची तपासणी करून घ्यावी. बोअरच्या पाण्याची अशी तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा व्हावी. नळाचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास आणि बोअरचे इतर कामांना, ही वाटणी जिथे शक्य असेल तिथे पाळावी. पाण्याचा जडपणा हा या भूमीचा गुणधर्म आहे आणि त्यावर उपाय घरात करता येतो. जंतुमुक्त पाणी नळापर्यंत पोचवणे हे मात्र नगरव्यवस्थेचे कर्तव्य आहे, आणि ते नागरिकांनी सातत्याने मागितले पाहिजे.