आरेखनातील संकेताक्षरे

रायपूर येथे १९५६ साली स्थापन झालेले खनिकर्म व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय २००५ साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. याच अर्धशतकात अभियांत्रिकी आरेखन ड्रॉइंग बोर्ड व टी-स्क्वेअर सोडून संगणकाकडे वळले. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमध्ये रेषा आज्ञेने उमटते. आज्ञेची रचना वाक्यासारखीच असते: आधी कृती, मग स्थान. ‘एल’ म्हणजे रेषा, ‘सी’ म्हणजे वर्तुळ, ‘टीआर’ म्हणजे छाटणी. स्पेसची कळ दाबताच आज्ञा लागू होते. काम संपल्यावर तीच कळ मागील आज्ञा परत देते. डावा हात कळफलकावर व उजवा माउसवर राहिल्याने नजर आकृतीवरून ढळत नाही.

परंतु ही आद्याक्षरे इंग्रजी शब्दांची आहेत. मराठी वा हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला त्यांचा आधार मिळत नाही. यादी पाठ करणे त्याला जड जाते. जुन्या पत्रांतील ‘रा. रा.’ वाचताना सरावलेला वाचक ‘राजमान्य राजश्री’ अशी फोड करीत नाही. संकेतच त्याला अर्थ देतो. तद्वत् प्रत्यक्ष आराखडा काढताना एकेक संकेत वापरावा आणि तो हाताला वळल्यावरच पुढचा घ्यावा. मग अक्षर परभाषेचे असले तरी कृती आपली होते.