बाई, जान आणि मिस

तबकड्या भरायला गोरा साहेब इथे आला तेव्हा भोंग्यासमोर आधी उभ्या राहिल्या त्या बायका. नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने पहिल्यांदा आवाज घेतले ते थिएटरात काम करणाऱ्या शशीमुखी आणि फणीबाला यांचे. गौहरजान आली ती तीन दिवसांनी. मोठमोठे उस्ताद तेव्हा यंत्राला बिचकून होते. आवाज यंत्रात गेला की गळ्यातून जातो, अशी त्यांची भीती सांगतात. कोठ्यावरच्या आणि थिएटरातल्या बायकांना हे सोवळं परवडणारं नव्हतं, आणि पैसाही रोकडा होता.

मायक्रोफोन यायला अजून वीसेक वर्षं होती. भोंग्यात जवळजवळ तोंड घालून गायचं, सारंगी-तबला मागे, आणि तासभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा. गाणं संपलं की आपलं नाव इंग्रजीत ओरडायचं. मेणावरचं मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना जानकीबाई कोण आणि जोहराबाई कोण, काय कळणार? लेबल चुकू नये म्हणून केलेली ही सोय. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहचा कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. तोवर नाव पुकारायची लकब पडून गेली होती.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अशा किती बायकांच्या रेकॉर्डी निघाल्या! लेबलांवर बाई, जान, मिस. घरंदाज कुणी गायलं तर नावापुढे कंसात ‘अमॅच्युअर’. म्हणजे ही पोटासाठी गात नाही, एवढं गिऱ्हाइकाला कळावं. त्या एका कंसात त्या काळचा सगळा समाज सापडतो.

मराठीत काय झालं? बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या तबकड्या नाट्यवेड्यांनी जिवापाड जपल्या. संगीताचा इतिहास लिहिला गेला तो रंगभूमीच्या आणि घराण्यांच्या अंगाने. त्या दोन्हींत न बसणाऱ्या बायका तळटीपेतही आल्या नाहीत. पुण्याच्या सुंदराबाई जाधवांचंच घ्या. १९१९च्या ‘एकच प्याला’तल्या पदांना त्यांनी चाली पुरवल्या, लावणी आणि ठुमरी दोन्हींवर त्यांची हुकमत, पुढे १९३९ साली शांतारामबापूंच्या ‘माणूस’मध्ये आईचं काम केलं. ‘एकच प्याला’ची पदं आजही गायली जातात, चालींचं श्रेय देताना सुंदराबाईंचं नाव किती जण घेतात? त्यांची ही कथा, तर नुसत्या ‘मिस अमुक’ची काय सांगावी!

पॅरिसच्या कॅफेंतून गाणाऱ्या बायकांच्या नशिबीही हेच आलं. त्यांतली इव्हेत गिल्बेर आज लक्षात आहे, पण त्यात तुलूज-लोत्रेकने काढलेल्या तिच्या चित्रांचा वाटा मोठा. आपल्याकडे गौहरजानचं चित्र छापलं गेलं ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवर. बाकीच्यांना तेवढंही लाभलं नाही.

खरा शोध सुरू झाला तो फार उशिरा. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राचं काम करणारे सुरेश चांदवणकर या उद्योगाचे मानद चिटणीस झाले, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे संस्थेचं नियतकालिक निघू लागलं. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची सूची पुस्तकरूपाने काढली. विक्रम संपत यांचं गौहरजानचं चरित्र आलं २०१० साली. संगीताचे पंडित ज्या वाटेला गेले नाहीत तिथे हौशी माणसं गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आठवणींवर विसंबायचं सोडून आकडे वाचायला घेतले.

हे आकडे तबकडीवरच असतात. ट्यूबलाइटखाली ती जरा तिरकी धरली, की लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक उजळतो. शेजारी एखादं अक्षर असतं. त्यावरून मुद्रण कोणत्या साहेबाने केलं ते कळतं. लागोपाठचे क्रमांक जुळवले की त्या दौऱ्यात कोण कोणामागून गायलं, हेही उलगडतं. मधल्या भोकाभोवतीच्या बारीक ओरखड्यांना मात्र सूची लागत नाही. ते जितके दाट, तितक्या वेळा ती तबकडी कुणीतरी चावी देऊन ऐकलेली.

आमच्या छत्रपती संभाजीनगरला या बाबतीत एक वेगळाच मान आहे. माहलका बाई चंदा १७६८ साली इथेच, औरंगाबादेत जन्मली. पुढे हैदराबादेत निजामाच्या दरबारी गायिका आणि शायर म्हणून गाजली, १८२४ मध्ये वारली. तिचा उर्दू दीवान छापलेला आहे, मौला अलीला कबरही आहे. आवाज नाही, कारण यंत्रच नव्हतं. तबकडीवाल्या बायकांचं नेमकं उलट: आवाज आहे, पण जन्मगाव, गुरू, मरणाची तारीख, काहीच नाही.

जुन्या बाजारात अशी तबकडी हाती आली तर भंगारवाला सैगलचा भाव सांगतो आणि ‘मिस’वाली वर फुकट देतो. माझा सौदा नेमका उलटा असतो. पण त्याहून मोठी गरज आहे कंपन्यांच्या छापील याद्यांची. नव्या रेकॉर्डींची पत्रकं गिऱ्हाइकांसाठी मराठीतही निघत; गाणं कोणतं, गायिका कोण, भाव काय, सगळं त्यात असे. लाखेची तबकडी जड, म्हणून माळ्यावर पडून राहिली. याद्या रद्दीत गेल्या आणि त्यांच्या शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एखादी सापडली, तर तबकड्या खुशाल विका, यादी तेवढी ठेवा.