साहेबांची जीप, गावचे वडाप

मराठी मुलखात ‘जीप’ या शब्दाला कंपनीचे बंधन नाही. महिंद्राची कमांडर असो, मार्शल असो की आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली ट्रॅक्स असो. जमिनीपासून उंच, मागे समोरासमोर दोन बाके आणि चढताना दांडी धरावी लागणारी कोणतीही गाडी म्हणजे जीप. अमेरिकेत हा शब्द १९५० पासून एका कंपनीचे नोंदवलेले व्यापारचिन्ह आहे आणि त्यावरून तिकडे कज्जे चालतात, हे सातारा किंवा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला सांगितले तर तो हसेल आणि मागच्या सीटवर आणखी एक माणूस सरकवेल.

गेल्या काही वर्षांत शहरांतून या जातीच्या गाड्यांची हौस वाढली आहे. ‘ऑफ-रोडिंग’ हा शब्द आता मराठी घरांतूनही ऐकू येतो. चांगला रस्ता सोडून मुद्दाम चिखलात, दगडांत, नाल्यात गाडी घालायची, असा हा छंद. हौसेला मोल नसते, तेव्हा त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. पण जिने चाळीस-पन्नास वर्षे बिनरस्त्याच्या गावांना तालुक्याशी जोडून ठेवले, तिची ओळख नुसती छंदाची गाडी म्हणून उरावी, हे काही खरे नाही. जीप कोणाच्या दारात उभी आहे, यावरून त्या त्या काळातला महाराष्ट्र ओळखता येतो.

तिचा जन्म युद्धातला. जर्मनीने फ्रान्स घेतला आणि त्यानंतर लगेच, जुलै १९४० मध्ये, अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रे धाडली. टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी हवी होती आणि नमुना ४९ दिवसांत हवा होता. एवढ्या यादीतून पुढे आल्या दोनच कंपन्या: विलिस-ओव्हरलँड आणि अमेरिकन बँटम. मुदत पाळण्याचा शब्द दिला तो पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावच्या, डबघाईला आलेल्या बँटमने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर हजर झाली. मुदत संपायला तेव्हा जेमतेम अर्धा तास उरला होता, असे सांगतात.

पुढची हकीकत बँटमच्या दृष्टीने वाईट आहे. कारखाना लहान, एवढे काम झेपायचे नाही, म्हणून लष्कराने तिचे आराखडे विलिस आणि फोर्डपुढे ठेवले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला पावणेतीन हजारांच्या आसपास गाड्या आणि नंतर जीपच्या मागे जोडायच्या ट्रेलरचे काम आले. जिने गाडी जन्माला घातली तिला गाडीच्या मागचा डबा मिळाला.

गाडीची करामत मात्र खरोखर पाहण्यासारखी होती. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लहान पेटी बसवलेली असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. एक छोटी दांडी ओढली की पुढच्या चाकांनाही ताकद जाते. दुसरी ओढली की गाडी बैलाच्या चालीने चालू लागते, पण तिची ओढ दुपटीच्या आसपास जाते. बाकी सगळे साधे: शिडीसारखी चासी, खाली कमानपाटे, बोनेटवर आडवी पाडता येणारी समोरची काच. मोडण्यासारखे थोडे आणि मोडले तर हाताशी असलेल्या हत्याराने दुरुस्त होण्यासारखे. पुढे ज्याने ज्याने अशी गाडी काढली, त्याने हाच धडा गिरवला. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर युद्धातली एक विलिस जीप होती. तिच्यावरून १९४८ मध्ये लँड रोव्हर आली. जपानच्या टोयोटाने १९५१ मध्ये आपली बीजे गाडी काढली, तिचीच पुढे लँड क्रूझर झाली.

आपल्याकडे जीप आली तीही लष्कराबरोबरच. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आणलेल्या कित्येक गाड्या युद्धानंतर हिंदुस्थानातच राहिल्या. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी गाड्या हव्या होत्या. लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार केला, असा आक्षेप होता. प्रत्यक्षात आल्या त्या १५५, आणि त्याही लष्कराने निकामी ठरवल्या. १९५५ मध्ये सरकारने प्रकरणावर पडदा टाकला. इतक्या गोष्टी आपल्याकडे नंतर झाल्या की आज हे प्रकरण किरकोळ वाटावे.

दरम्यान मुंबईत वेगळेच काही चालले होते. १९४५ मध्ये महिंद्रा अँड महंमद नावाची, पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि १९४९ मध्ये माझगावात विलिसचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. पुढे सीजे-३बी हे उंच बोनेटचे मॉडेल आले. बोनेट उंच का, तर नवे इंजिन जुन्या बोनेटखाली मावत नव्हते. तो चेहरा अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाला. आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या.

पहिली वीस-पंचवीस वर्षे ही गाडी खासगी माणसाची नव्हतीच म्हटले तरी चालेल. विकासगटाच्या योजना १९५२ पासून सुरू झाल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. बीडीओ, तहसीलदार, फौजदार, पाटबंधारे खात्याचा उपअभियंता या सर्वांची जीप. गावात धूळ उठली की पोरे पळत सुटायची आणि म्हातारी माणसे विचार करायची, आता कोण आले? वसुली, पंचनामा, कुटुंबनियोजनाचे लक्ष्य, नाहीतर निवडणूक. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या रांगेसमोर उभी राहिली तीही जीपच. तिला ‘साहेबांची जीप’ म्हणत. आतल्या साहेबाचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असे.

तिला साहेबाच्या आवारातून बाहेर काढले ते डिझेलने, असे माझे मत आहे. पेट्रोलची जीप पोसणे सरकारलाच परवडण्यासारखे होते. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर तर तेही जड गेले असेल. सत्तरच्या दशकात महिंद्राने आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपला बसवले. आवाज ट्रॅक्टरचा, थरथर ट्रॅक्टरची, पण खर्चही ट्रॅक्टरवाल्याच्या आवाक्यातला. पाठोपाठ इगतपुरीत पूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने डिझेल इंजिने होऊ लागली. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सला मर्सिडीजच्या परवान्यावरचे इंजिन होते. मर्सिडीजचे इंजिन असलेल्या गाडीत कोंबड्यांसकट बसून बाजाराला जाणारे लोक जगात आणखी कुठे असतील, कोण जाणे.

इथून वडाप सुरू होते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वडाप. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात काळी-पिवळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सहापेक्षा अधिक आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या गाडीला मॅक्सी कॅब हे नाव आहे. बाराचा आकडा परवान्यावर असतो. गाडीत पुढे ड्रायव्हर धरून चौघे किंवा पाच, त्यामुळे ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर. गिअर टाकताना तो शेजारच्याला म्हणणार, ‘पाव्हणं, गुडघा घ्या.’ मधे पाच, मागच्या बाकांवर आठ-दहा, फाळक्यावर चार, टपावर पोती, सायकल आणि पोतीवाले. वेळापत्रक एकच: गाडी भरली की निघायची.

एसटीचे लोक म्हणत, वडापाने आमचे उत्पन्न बुडवले. त्यात तथ्य आहे. पण ज्या फाट्यावर दिवसातून दोनदा एसटी येते आणि त्यातली एक येईलच असे नाही, तिथे आठवडी बाजाराला, कॉलेजला, कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्याने काय करायचे, याचे उत्तर त्या तक्रारीत नव्हते. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांतली बरीचशी ये-जा या गाड्यांनीच केली. तेव्हा कोणी किती माणसे बसवली, हे फारसे कोणी मोजत बसले नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ही वडापची गाडी बहुधा ‘फोर व्हील’ नसतेच. ती लहान दांडी, ती दुसरी पेटी, हे सगळे महाग. त्यामुळे धंद्याच्या गाडीला इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांनाच. तरीही ती ओढा ओलांडे, घाट चढे, मुरमाड पायवाटेवर जाई. तिला तारत ते जाड कमानपाटे, जमिनीपासूनची उंची, खालच्या गिअरची ओढ आणि ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा पाठ असणे. शहरातला हौशी मालक चारचाकी ताकदीबद्दल तासभर बोलेल. वडापवाला पाट्यांबद्दल बोलतो.

कारण पाटे तुटतात. ओझ्याने तुटतात, रात्री तुटतात, पावसात तुटतात. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो, ब्रेक दोन-तीनदा पंप केल्याशिवाय लागत नाहीत, स्टिअरिंग इतके जड की जागेवर वळवताना खांदे भरून येतात. सेल्फ लागला नाही तर उतारावरच गाडी लावायची, हे ठरलेले. टाकीला बारीक चीर गेली तर तिच्यावर अंगाचा साबण दाबून बसवायचा आणि गॅरेज गाठायचे. पावसाळ्यात ताडपत्रीच्या हुडातून पाणी थेट ड्रायव्हरच्या उजव्या मांडीवर येते. नवीन हूड शिवले तरी येतेच. पण तालुक्याचा वेल्डर, गावचा लोहार आणि मालक मिळून यातले बहुतेक सगळे निस्तरू शकत. अनेकांनी जमिनीचा तुकडा विकून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून गाडी घेतलेली. ती चार दिवस उभी राहिली तर हप्ता चुकणार, म्हणून मालकाला निम्मा मेकॅनिक व्हावेच लागे.

या घराण्यात इतरही होते. जबलपूरच्या लष्करी कारखान्यातली जोंगा, निसान पेट्रोलवर बेतलेली, चार लिटरच्या आसपासचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली. १९९९ पर्यंत ती निघाली. तिला पोसणे लष्करालाच शक्य. मारुतीची जिप्सी १९८५ ची, हलकी आणि चपळ. लष्कर, पोलीस आणि अभयारण्ये यांनी ती तीस वर्षांहून अधिक काळ वापरली.

नव्या शतकात दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. पाचशेवर वस्तीच्या, आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशेवर वस्तीच्या, गावांना बारमाही रस्ता द्यायचा हे तिचे उद्दिष्ट. डांबर पोहोचले तिथे जीपची जागा तीनआसनी रिक्षा, बोलेरो आणि घरोघरच्या मोटारसायकलींनी घेतली. दुसरे म्हणजे धुराचे नियम कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर जुन्या घडणीची धडधडणारी डिझेल इंजिने नव्या गाड्यांतून गेलीच. आता इंजिनावर संगणक बसतो, त्यापुढे लोहाराचे काही चालत नाही.

त्याच सुमारास जीप शहरात नव्याने जन्मली. २०१० मध्ये महिंद्राची थार आली. २०२० मध्ये ती पुरती बदलून, ऑटोमॅटिक गिअरसह आली आणि तिच्यावर उड्या पडल्या. गंमत म्हणजे जुन्या जीपच्याच धर्तीची रॉक्सर ही गाडी महिंद्राने अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा जीपच्या तिथल्या मालकांनी ‘हा चेहरा आमचा’ म्हणून तक्रार केली. २०२० मध्ये निकाल महिंद्राविरुद्ध गेला आणि चेहरा बदलावा लागला. तीच अमेरिकी जीप कंपनी २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावात आपली कंपास बनवते आहे.

नव्या हौशीबद्दल माझी तक्रार एकच आहे. रस्ता नाही म्हणून गाडी मातीत घालणे वेगळे आणि माती दिसली म्हणून घालणे वेगळे. कोकणच्या पुळणीवर भरतीच्या तोंडावर रुतलेल्या महागड्या गाड्यांची छायाचित्रे आपण पाहतो आणि हसतो. पण वेळाससारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत कासवांची घरटी असतात. सड्यांवर मातीचा थर बोटभर, आणि कासच्या पठारावरची फुले त्याच बोटभर मातीत येतात. जाड टायरचा एक फेरा तिथे काय करतो, हे पावसाळ्यानंतर जाऊन पाहावे. मैदान आखून, मालकाच्या परवानगीने चिखलात खेळणाऱ्यांशी कोणाचे भांडण नाही.

जुनी जीप हौसेने पाळणाऱ्यांचे हालही कमी नाहीत. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, वाढलेली फी. चासी आखूड करून, इंजिन बदलून घेतलेल्या गाड्यांची तर कठीण अवस्था. कारखान्याने बनवली त्यापेक्षा मूळ रचना बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. सरकारी जीपचा प्रश्न त्याहून सोपा सुटला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झाली.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत, जीपचे काम मात्र संपलेले नाही. तिथे आजही टपावर माणसे घेऊन गाड्या घाट चढतात. २०२१ मध्ये तोरणमाळच्या परिसरात अशी एक गाडी दरीत कोसळून अनेक जीव गेले. त्या अपघातानंतरही माणसे टपावर बसतात, कारण पाड्यावरून दवाखान्याकडे जाण्याचे दुसरे साधन सकाळपर्यंत नसते. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून चौघे डोंगर उतरतात. रस्ता जिथे सुरू होतो तिथे जीप उभी असते. ड्रायव्हर मागचे प्रवासी उतरवतो, पोती टपावर चढवतो आणि झोळी बांबूसकट दोन बाकांच्या मधे ठेवून घेतो.